स्वहस्ते केलेला वेष

हल्ली आमच्या वरच्या वर्गांतून 'कॉस्प्ले' हा शब्द वारंवार कानी पडतो. चित्रकथेतील, कार्टून चित्रपटातील अथवा व्हिडिओ गेममधील एखादे पात्र निवडावयाचे, त्याची वस्त्रे, शिरस्त्राण, शस्त्रे व अलंकार हुबेहूब तयार करावयाचे, आणि तो वेष धारण करून मेळाव्यात वावरावयाचे, असा हा प्रकार आहे. पालकवर्गापैकी पुष्कळांस हे निव्वळ खूळ वाटते. मानपाड्याच्या एका पालकांनी तर आम्हांस गाठून विनंती केली की, मुलगी पुस्तक सोडून चपलांचा फोम कापीत बसते, तिला चार शब्द समजावून सांगा. ते चार शब्द आम्ही तिला सांगितले नाहीत. का सांगितले नाहीत, हे त्यांस आणि इतर पालकांस कळावे म्हणून हा लेखनप्रपंच.

'कॉस्प्ले' हे नाव जपानात 1983 साली नोबुयुकी ताकाहाशी या लेखकाने रूढ केले. परंतु प्रकार त्याहून जुना आहे. 1939 साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनास मर्टल डग्लस या बाई आपण स्वतः शिवलेला भविष्यकाळातील वेष घालून गेल्या होत्या, आणि त्यांच्या सोबत्याचा पोषाखही त्यांनीच शिवला होता. जपानातील नागोया शहरी 2003 पासून या कलेचा जागतिक मेळावा भरतो. आपल्याकडे 2011 साली दिल्लीत 'कॉमिक कॉन' भरू लागले, व पुढे मुंबईतही.

पण एवढ्या दूर जाण्याचे तरी प्रयोजन काय? जव्हार-मोखाड्याचा मुलूख 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तेथील बोहाड्यात देवदेवतांचे व राक्षसांचे मुखवटे लावून रात्रभर सोंगे नाचतात. ते मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असून गावातले कारागीरच ते घडवितात. दक्षिण कोकणातील दशावतारी नट तर आपला चेहरा आपणच रंगवितो; दुसऱ्याच्या हाती देत नाही. वेष घेणे ही आपल्या मातीला परकी गोष्ट नव्हे. जे नवीन आहे ते एवढेच की पात्र पुराणातून न येता पडद्यावरून आले.

आणि कधी कधी तेही अंतर उरत नाही. उपरोक्त मुलीने निवडलेले पात्र 'राजी' हे होते. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनी 2020 साली 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. राक्षसांनी पळवून नेलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधार्थ निघालेल्या एका डोंबारी-कसरतीच्या खेळातील मुलीची ती कथा आहे. देवीचा त्रिशूळ हे तिचे शस्त्र. खेळातील स्थळे राजस्थानी वाड्या-किल्ल्यांच्या धर्तीची, चित्रांवर पहाडी लघुचित्रांची छाया, आणि मधली कथा सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली. परदेशी वीरांचे अंधानुकरण म्हणून जे नाक मुरडतात त्यांनी हा खेळ एकदा अवश्य पाहावा.

आता त्या कापाकापीकडे वळू. पडद्यावरील आकृतीचा वेष उतरविणे हे मुख्यतः मापाचे काम आहे. पडद्यावर पात्राची उंची 40 मिलिमीटर भरली आणि मुलाची उंची 1500 मिलिमीटर असली, तर प्रत्येक माप साडेसदतीस पट करावयाचे. 24 मिलिमीटरचे शस्त्र 900 मिलिमीटरचे होते. गुणोत्तर-प्रमाणाची उदाहरणे ज्या मुलास वहीत नकोशी होतात, तोच हे गणित रात्री दहापर्यंत करीत बसतो, आणि ते चुकले तर कोणी तांबडी शाई न लावताही त्यास समजते. कारण शस्त्र दारातून जात नाही.

मनगटापासून कोपरापर्यंतचे कवच घ्या. हात मनगटाशी बारीक व कोपराशी जाड, म्हणजे तो भूमितीतील शंकुछेद झाला. तो उलगडून सपाट केला असता सरळ पट्टी मिळत नाही, वक्र कमानीसारखी पट्टी मिळते. ही गोष्ट फळ्यावर कितीही वेळा काढून दाखविली तरी जेवढी पटत नाही, तेवढी एक चौकोनी पट्टी हाताभोवती गुंडाळून तिचे तोंड वेडेवाकडे झालेले पाहिल्यावर पटते. मुले यावर युक्ती करतात ती अशी : हातास प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळावयाचा, त्यावर चिकटपट्टी लावावयाची, शाईने शिवणीच्या रेषा काढावयाच्या, आणि मग ते कवच रेषेवर कापून सपाट पसरावयाचे. तोच नमुना. मग तो फोमवर ठेवून धारदार पात्याने कापणे; कडा तिरप्या घासणे; चांभाराकडे मिळते ते पिवळे सोल्युशन दोन्ही कडांस लावून, हातास चिकटेनासे होईपर्यंत थांबणे, आणि मग जोडणे. हे थांबणे मुलांस फार जड जाते. ओले असतानाच दाबले तर सांधा सुटतो.

कापडाचे शास्त्र निराळे आहे, आणि ते बहुधा घरातच असते. उभा धागा, आडवा धागा, उरेब, शिवणीसाठी सोडावयाची माया, तुरपाई, हे शब्द ज्या आजीस अथवा मावशीस ठाऊक आहेत तिच्याजवळ जाऊन नातवंडे आजवर कधी बसली होती? डोंबिवलीहून उल्हासनगरचा बाजार दूर नाही. तेथे कापड निवडावयास आजीस सोबत नेणारी मुले आम्ही पाहिली आहेत, आणि घासाघीस करण्याच्या कामी तीच पुढे होती.

आक्षेप सर्वच खोटे आहेत असे मात्र नाही. दहावीच्या वर्षी हा उद्योग नको, हे आम्हांसही मान्य आहे. आठवी-नववीचा मे महिना त्यास योग्य. सोल्युशनच्या वाफा बंद खोलीत घेणे घातक आहे. खिडक्या उघड्या असाव्यात, फोम घासताना नाकावर मास्क असावा, आणि फोम तापविण्याचे यंत्र चालू असता वडील माणूस जवळ असावे. शस्त्रांविषयीही पालक विचारतात. फोमच्या त्रिशुळाने कोणास इजा होत नाही. तथापि लोकलच्या गर्दीत तो उघडा नेणे बरे नव्हे. त्या मुलीने तो विजेच्या तारांच्या नळीवर दोन तुकड्यांत केला व पिशवीतून नेला. खर्चाचे म्हणाल तर तो निवडीवर आहे. बाहेरून आणविलेला तयार पोषाख महाग पडतो, घरच्या उरलेल्या चादरीचा पडत नाही.

आमची खरी तक्रार मुलांविषयी नसून मोठ्यांविषयी आहे. स्नेहसंमेलनातील वेषांतर स्पर्धेत दरवर्षी काय होते? भाड्याच्या दुकानातून जरीचा अंगरखा आणला जातो, मिशी आई काढते, तलवार वडील धरून आणतात, आणि मूल तीन मिनिटे उभे राहून बक्षीस घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी पोषाख परत. त्या बक्षिसाचा धनी कोण, दुकानदार की आई? कॉस्प्लेच्या चांगल्या स्पर्धांतून परीक्षक वेष जवळून पाहतात, शिवण उलटून पाहतात, आणि हा भाग कसा केलास असे विचारतात. आपल्या शाळेतही हीच रीत असावी, अशी आमची सूचना आहे. वाकडी शिवण चालेल, रंग ओघळलेला चालेल. परंतु प्रत्येक तुकडा कोठून आला हे मुलास सांगता आले पाहिजे. भाड्याच्या वेषास हवे तर टाळ्या द्याव्यात, बक्षीस देऊ नये. कार्यानुभवाच्या तासास जी खोकी नि फुले होतात त्यांच्या जागी असे एक कवच झाले, तर त्या विषयाचे नावही सार्थ होईल.

राहता राहिली जागेची अडचण, आणि ती खरीच आहे. दोन खोल्यांच्या घरात शिरस्त्राण ठेवावे कोठे? माळ्यावर ठेवावे, पण पत्र्याखाली नको. उन्हाने फोमचा आकार बिघडतो. आत जुनी वर्तमानपत्रे कोंबून, कापडी पिशवीत घालून ठेवावे, आणि पावसाळा संपताच एकदा काढून सावलीत वारा द्यावा.