विसार, अनामत आणि समुद्रकाठचे घर

व्यापारी माणूस सौदा करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारतो. माल नेमका कोणता, आणि आपण दिलेली रक्कम कोणत्या नावाने जमा होणार? हीच माणसे सहलीला निघाली की खिडकीतून दिसणाऱ्या निळ्या समुद्राच्या छायाचित्रावर भाळून पैसे पाठवून मोकळी होतात. परदेशात हॉटेलऐवजी आठवडाभरासाठी घर भाड्याने घेण्याची रीत आता आपल्या कुटुंबांतही रुळू लागली आहे. म्हणून या अंकात इटलीच्या किनाऱ्यावरील अशा घराच्या व्यवहाराचा विचार करू.

घर घेण्याचे आपले पहिले कारण स्वयंपाकघर हे होय. इटलीतील उपाहारगृहे रात्रीच्या जेवणासाठी साधारणतः साडेसातनंतर उघडतात. वायव्येकडील लिगुरिया प्रांतात जूनच्या उत्तरार्धात सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, मेच्या मध्यावर पावणेनऊच्या सुमारास, आणि सप्टेंबरच्या अखेरीस मात्र सव्वासातलाच. चौविहार पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांची त्या वेळी बाहेर जेवणाची सोय होणे अवघड. शिवाय तेथील प्रसिद्ध पेस्तो चटणीत लसूण असते, आणि तीत पडणाऱ्या पार्मिजानो रेज्जानो चीजसाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरले जाते. ‘शाकाहारी’ म्हणून पुढे आलेल्या पानातही हे असू शकते. उलट, हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एवढ्यावर भाजलेला फारिनाता हा तेथील जुना पदार्थ आपल्या बेसनाच्या धिरड्याचा सख्खा भाऊ शोभावा. तोही कांदा न घालता मागून घ्यावा.

आता स्थळाविषयी. चिंक्वे तेर्रे, म्हणजे मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कॉर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावे, १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. तेथे गर्दी दांडगी. कॉर्निल्याच्या रेल्वे स्थानकावरून गावात पायी जायचे तर पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. निवांतपणा हवा असेल तर मोंतेरोस्सोच्या अलीकडील लेवांतो हे गाव अधिक सोयीचे. जिनोआ ते ला स्पेझिया या लोहमार्गावर ते आहे, मोंतेरोस्सो तेथून रेल्वेने पाचेक मिनिटांवर. जुन्या लोहमार्गाचे बोगदे आता पादचारी आणि सायकलस्वारांसाठी खुले असून, त्यांतून बोनास्सोला आणि फ्रामुरापर्यंत जाता येते. वृद्धांनाही हा सपाट रस्ता झेपतो.

काळाचेही गणित मांडावे. १५ ऑगस्ट हा इटलीतील मोठा सुटीचा दिवस. त्याच्या मागेपुढे सारा देश किनाऱ्यावर लोटतो, भाडी चढतात, आणि पुष्कळ घरे शनिवार ते शनिवार अशीच दिली जातात. आपल्याकडे शाळांना सुटी असते त्या मे महिन्यात मात्र हाच किनारा तुलनेने शांत आणि स्वस्त असतो. आपल्याला अनुकूल असा हा योग आहे.

जाहिरात वाचताना शब्दांचे मोल ओळखावे. ‘बिलोकाले’ म्हणजे दोन खोल्या. त्यांतील एक बैठकीची, म्हणजे शयनगृह एकच. ‘त्रिलोकाले’मध्ये शयनगृहे बहुधा दोन. ‘सहा जणांची सोय’ असे लिहिले असेल तर त्यांतील दोघे सोफ्यावर निजणार, असे गृहीत धरावे. ‘सेन्झा आशेन्सोरे’ म्हणजे लिफ्ट नाही. समुद्रापासूनचे अंतर मीटरमध्ये दिलेले असते, पण लिगुरिया डोंगराळ आहे. म्हणून पायऱ्या किती, हे स्वतंत्रपणे विचारावे. लोहमार्ग किंवा मद्यगृह खिडकीखाली आहे का, हाही शांततेविषयीचा रास्त प्रश्न आहे.

त्यानंतर एकूण खर्च. उदाहरणादाखल पाच प्रौढांचे कुटुंब आणि सात रात्री घेऊ. जाहिरातीत भाडे १,२०० युरो. शेवटच्या दिवसाची साफसफाई ८०, चादरी आणि टॉवेल माणशी १५ प्रमाणे ७५, आणि नगरपालिकेचा मुक्काम कर माणशी प्रतिरात्र २ युरो धरला तर ७०. बेरीज १,४२५. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत, पण रचना अशीच असते. मुक्काम कराचा दर गावोगावी वेगळा असतो आणि तो अनेकदा पोहोचल्यावर रोख मागतात. वीज, पाणी आणि गॅस भाड्यात धरले आहे की नाही, हेही लेखी घ्यावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. इटलीतील करारात आगाऊ पैशांसाठी तीन वेगळे शब्द येतात, आणि त्यांतील भेद ज्याला कळला त्याचे निम्मे काम झाले. ‘आक्कोन्तो’ ही निव्वळ आगाऊ रक्कम. ती भाड्यात वळती होते, आणि सौदा मोडला तर तत्त्वतः परत मागता येते. ‘काउत्सिओने’ ही अनामत. मोडतोड झाली नाही तर निघताना परत. तिसरी ‘कापार्रा’, म्हणजे आपल्या भाषेत विसार. इटलीच्या दिवाणी संहितेतील कलम १३८५ प्रमाणे, विसार देणाऱ्याने करार मोडला तर घेणारा ती रक्कम ठेवून घेऊ शकतो, आणि घेणाऱ्याने मोडला तर देणारा दुप्पट मागू शकतो. जमिनीच्या किंवा मालाच्या सौद्यात विसार देणाऱ्याला हा न्याय नवा नाही. नवे एवढेच, की सुट्टीच्या घराच्या करारातही तो लपलेला असतो.

आपल्यासाठी यातील खरी जोखीम व्हिसाची आहे. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत राहण्याच्या जागेचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण चांगले घर त्याहीपूर्वी ठरवावे लागते. म्हणजे पैसे आधी जातात आणि व्हिसा नंतर येतो. तो नाकारला गेला तर दोष पाहुण्याचा धरायचा की नाही, हा वाद परक्या देशात घालण्यापेक्षा करारात आधीच एक ओळ लिहून घ्यावी: व्हिसा नाकारल्याचे पत्र दाखवल्यास सर्व रक्कम परत मिळेल. सज्जन मालक यास बहुधा नकार देत नाही. जो देतो, त्याचे घर कितीही देखणे असो, सोडून द्यावे.

पैसे पाठवण्यापूर्वी घराचा ‘सीआयएन’ हा राष्ट्रीय ओळखक्रमांक मागावा. १ जानेवारी २०२५ पासून तो जाहिरातीत आणि इमारतीबाहेर दर्शवणे तेथे बंधनकारक आहे. बँकेचा आयबीएएन क्रमांक इटालियन खात्याचा असल्यास ‘आयटी’ने सुरू होतो आणि एकूण २७ अक्षरांचा असतो. खातेदाराचे नाव करारातील नावाशी जुळले पाहिजे. ‘संकेतस्थळाबाहेर, आजच, दुसऱ्याच कोणाच्या खात्यात पाठवा’ असा आग्रह झाला तर तेथेच थांबावे. रक्कम पाठवताना मधल्या बँकांचे शुल्क आपण भरण्याचा पर्याय निवडावा, अन्यथा मालकाच्या हाती कमी पैसे पडतात आणि पहिल्याच दिवशी कुरबुर होते. उदारीकृत योजनेची वार्षिक मर्यादा माणशी २,५०,००० डॉलर आहे. टीसीएस लागू झाला तर तो खर्च समजू नये, विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते.

घरात पोहोचल्यावर मालक पासपोर्ट मागेल. त्याने बिचकू नये, कारण पाहुण्यांची माहिती चोवीस तासांत पोलिसांना कळवणे त्याला कायद्याने भाग आहे. लगेच भिंती, भांडी आणि उपकरणे यांची छायाचित्रे काढून त्याला पाठवावीत. अनामत परत मिळवण्याचा तोच पुरावा. तेथील घरगुती वीजजोडणी बहुधा ३ किलोवॉटची असते. ओव्हन, धुलाईयंत्र आणि वातानुकूलन एकदम चालवले तर वीज जाते. प्रेशर कुकर सहसा नसतो, तेव्हा छोटा सोबत न्यावा.

शेवटची गोष्ट शेजाऱ्यांची. अनेक इमारतींत दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आवाज न करण्याचा नियम असतो. आपण ज्या शांततेसाठी पैसे मोजतो, ती तेथे बारा महिने राहणाऱ्यांनी सांभाळलेली असते. भाड्याच्या पावतीत तिचा उल्लेख नसतो, तरी निघताना ती होती तशीच ठेवून यावे. अनामत परत मिळाली आणि शेजारणीने हात हलवून निरोप दिला, तर खाते चोख मिटले असे समजावे.