विनाकारण

बाई घराबाहेर पडली की तिच्यापाशी कारण असावं लागतं. दळण, दवाखाना, पोरांची शाळा, बचत गटाची बैठक, माहेरचं लग्न. कारण जितकं दुसऱ्याच्या उपयोगाचं, तितकं जाणं सोपं. संसारातलं कारण नसेल तर देवाचं चालतं. वारीला नि यात्रेला गेलेल्या बाईला कुणी अडवत नाही. ‘मला वाटलं म्हणून गेले’ हे मात्र कारण समजलं जात नाही.

गेल्या दिवाळीत मी लांबच्या प्रवासाची मोटारसायकल घेतली. ४५२ सीसीचं इंजिन, १९६ किलो वजन, १७ लिटरची टाकी. तेव्हापासून रोज कुणीतरी विचारतं, कशासाठी? ओळखीच्यांनी आधी गृहीत धरलं की मुलासाठी. मग कामासाठी. ‘खेड्यांत शिबिरं घ्यायला बरी पडेल,’ असं आपल्याच चळवळीतली एक मैत्रीण म्हणाली. पडेलही. पण मी ती घेतली हिंडायला. आणि हे सरळ सांगणं मला आपल्याच माणसांत अधिक अवघड गेलं, म्हणून हा लेख.

नागपूरहून निघणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यावर दुचाकीला बंदी आहे. मला त्याचं दुःख नाही. मी काटोलला जाते आणि तिथून जलालखेड्याच्या रस्त्याला लागते. फेब्रुवारीत आंबिया बहार फुललेला असतो. संत्र्याची बाग दिसण्याआधी तिचा वास हेल्मेटमध्ये शिरतो. बाजूला वेचून संपत आलेल्या पऱ्हाट्या. साठच्या वेगानं गाडी चाललेली असते तेव्हा कुणाचा डबा राहिला, कुणाची गोळी चुकली, हे डोक्यात राहूच शकत नाही. खड्डा, समोरची बंडी आणि आपली उजवी मूठ, एवढंच जग उरतं. शरीराविषयी चळवळीत आपण पुष्कळ बोललो, पण हिंसेच्या आणि आरोग्याच्या अंगानं. ते बोलावंच लागलं. शरीराच्या साध्या, धडधाकट आनंदाविषयी मात्र आपण संकोचत आलो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायांना विचारतात, बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर एकटीनं जायची मुभा आहे का? २०१५-१६ मध्ये तिन्हींना ‘हो’ म्हणणाऱ्या ४१ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये ४२ टक्के. आणि या तीनपैकी दोन जागा तर कामाच्याच. विनाकारण जाण्याविषयी प्रश्नच नाही. सर्वेक्षण करणाऱ्यांनाही तो सुचलेला नाही.

वाहनांची दुनिया बाईला कुठं बसवते तेही पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३वा नियम सांगतो की मोटारसायकलच्या मागच्या चाकाला आवरण हवं, म्हणजे मागं बसलेल्या व्यक्तीचे कपडे अडकणार नाहीत. नियम चांगला आहे, त्यानं जीव वाचतात. त्यात बाईचा उल्लेखही नाही. पण सगळे त्या जाळीला ‘साडी गार्ड’च म्हणतात. मागं बसणारी कोण, हे कुणाला सांगावं लागत नाही. परवान्याचंही तसंच. कायद्यात गिअर नसलेली आणि गिअरची मोटारसायकल असे दोन वेगळे वर्ग आहेत. पहिला परवाना घेऊन कित्येकजणी थांबतात. त्यावर गावातल्या गावात स्कूटर चालवता येते. घरात उभी असलेली गिअरची मोटारसायकल मात्र चालवता येत नाही.

आता हरकती. पहिली सुरक्षिततेची. मी अंधाराआधी परतते, टायर तपासते, घरी रस्ता सांगून निघते. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात स्त्रियांवरील गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवरा आणि त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेचा आहे. म्हणून ‘घरी थांब, सुरक्षित राहशील’ हा सल्ला तपासून घ्यावा.

दुसरी हरकत अधिक खरी आहे. एवढी महाग गाडी घेऊन हिंडणं ही पोट भरलेल्या बाईची चैन नव्हे का? जलालखेड्याच्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीपाशी वेचणीला निघालेल्या बायांनी मला विचारलं, “कुठी चालल्या बाई?” म्हटलं, “कुठंच नाही, हिंडते आहे.” त्या खूप हसल्या. मग एकीनं हँडलवर हात ठेवला आणि म्हणाली, “आमाले कामाबिगर गावाबाहेर कोन जाऊ देते?” ती पैशाविषयी बोलली नाही. ती परवानगीविषयी बोलली. गाडीचा प्रश्न वर्गाचा आहे, परवानगीचा सगळ्याजणींचा.

आणि हे कळायला महाग गाडी लागतच नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेसोबत खेड्यातल्या लाखभराहून अधिक बाया सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्याविषयी लिहिलं आहे. पाण्याला, कामाला, बाजाराला सायकल उपयोगी पडलीच. पण बसची किंवा घरातल्या पुरुषाची वाट पाहणं संपलं, ही त्यातली मोठी गोष्ट.

याउलट पाडव्याच्या शोभायात्रा पाहा. नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर निघालेल्या बायांचे फोटो दरवर्षी छापून येतात. त्यांचा आनंद खोटा नाही. पण त्या दिवशी कारण असतं, संस्कृतीचं. दुसऱ्या दिवशी त्याच बुलेटवर त्याच बाईनं एकटीनं उमरेडला चहा प्यायला जायचं म्हटलं, तर किती घरांत चावी मिळेल?

म्हणून मागण्या साध्या आहेत. शिकायचंच तर गिअरची गाडी शिकावी. गाडी बाईच्या पैशाची असेल तर नोंदणी तिच्या नावावर व्हावी. पेट्रोलचा हिशेब तिला द्यावा लागू नये. आणि गावोगावच्या रस्त्यांवर तिच्यासाठी कुलूप नसलेलं स्वच्छतागृह असावं. ते नाही म्हणून निम्म्या रस्त्यात पाणी प्यायचं टाळणं मला ठाऊक आहे, तुम्हांलाही असेल.

मैत्रिणींनो, आपल्या शिबिरांची विषयपत्रिका सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेली असते. पुढच्या शिबिरात एक दुपार मोकळी ठेवू या. सायकली असतील, स्कूटर असतील, नाहीतर पाय आहेतच. जिला जिकडे वाटेल तिकडे तिनं जावं. परत आल्यावर कुणी अहवाल मागू नये.