शाल, श्रीफळ आणि बंद कपाट

सोपाऱ्याच्या भूमीने सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी दोहोंचे तुकडे आपल्यासाठी राखून ठेवले. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथे मिळाला. नवव्याचा १९५६ साली भुईगावाजवळ सापडला. पूर्वीचे राजे मृगयेला निघत, मी धर्मयात्रेला निघतो, गावोगावच्या लोकांना भेटतो आणि त्यांच्याशी धर्माविषयी प्रश्नोत्तरे करतो, असे आठव्या लेखात राजा सांगतो. विवाह, अपत्यजन्म, आजार, प्रवास अशा प्रसंगी लोक जे नाना मंगलविधी करतात त्यांचे फळ अल्प असते, असे तो नवव्यात सुनावतो. नेमके हेच दोन लेख आपल्या वाट्याला यावेत हा योगायोगच. परंतु आपल्याकडील ‘वाचनसंस्कृती’चे कार्यक्रम पाहिले की तो योगायोग बोचू लागतो. प्रश्नोत्तरे आपण टाकून दिली आणि मंगलविधी तेवढे उचलले.

डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. हेतूविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती साच्याविषयी. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, मग दुसऱ्या पाहुण्यांची शाल, निबंध स्पर्धेची बक्षिसे आणि शेवटी आभार. या सर्वांत पुस्तकाचे एक पानही कोणी वाचलेले नसते. आपल्या धर्मग्रामांतही याहून निराळे काय घडते? दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार झाला की ‘शैक्षणिक उपक्रम’ या रकान्यात खूण होते. ज्या सभागृहात तो सत्कार होतो त्याच्याच कोपऱ्यात पुस्तकांचे कपाट उभे असते. त्याला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे विचारले तर चार जण चार नावे सांगतात.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथे त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा वसईत आनंदाला उधाण आले आणि ते योग्यच होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला होता. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. श्रद्धांजलीचे फलक लागले, भाषणे झाली. आता मला कोणी सांगावे, किती धर्मग्रामांत दहा माणसांनी एकत्र बसून त्यांचे एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले? लेखकाचा गौरव करणे सोपे असते. त्याच्याशी वाद घालायचा तर त्याला वाचावे लागते.

यावर हमखास उत्तर येते, “फादर, वाचनालय कोणाला हवे आहे? मुलांसाठी अभ्यासिका काढा.” महाराष्ट्रभर हेच चालले आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळण्याची वाट केली. त्यांतील कित्येकांत आज टेबलांवर मान खाली घालून स्पर्धा परीक्षांचे संच सोडवणारी मुले दिसतात. त्या मुलांविषयी मला ममत्व आहे. एका खोलीच्या घरात अभ्यास कसा होतो हे नालासोपाऱ्यात कोणी सांगावे लागत नाही. अभ्यासिका जरूर काढाव्यात. परंतु अभ्यासिकेलाच वाचनालय म्हणणे म्हणजे शिक्षण नोकरी लागताच संपते असे जाहीर करणे होय. मग चाळीस वर्षांच्या रिक्षाचालकाने, साठ वर्षांच्या आजीने, निवृत्त कामगाराने कोठे जावे? त्यांच्यासाठी आपण टीव्ही आणि कट्टा राखून ठेवला आहे.

प्रौढांनी एकत्र शिकण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम निघाली आणि शेतावरून परतलेली माणसे कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवू लागली. पुढे ती राज्यभर पसरली. अक्षरे आली. मात्र पुढे काय वाचायचे आणि कोणाबरोबर वाचायचे याची सोय जेथे झाली नाही, तेथे ती पुसलीही गेली. व्याख्यानमालांचेही एक दुखणे आहे. वक्ता उंचावर बसतो, श्रोता अंधारात असतो आणि घड्याळ पाहून प्रश्नोत्तरांना फाटा दिला जातो.

याहून वेगळा मार्ग एका धर्मगुरूंनी दाखवला आणि तो वसईकरांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतात मच्छीमार आणि शेतकरी कर्जात बुडालेले होते. विद्या लोकांच्या दारी न्यावी अशी मागणी करणारी पुस्तिका फादर जिमी टॉम्पकिन्स यांनी १९२१ साली काढली. अँटिगोनिश गावच्या सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने १९२८ साली लोकशिक्षणाचा विभाग उघडला आणि त्याची धुरा फादर मोझेस कोडी यांच्याकडे दिली. त्यांनी इमारती बांधल्या नाहीत. आठ-दहा शेजारी एखाद्याच्या स्वयंपाकघरात जमत, छोटी पुस्तिका वाचत, तिच्यावरून भांडत आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येत. दशकभरात अशी हजाराहून अधिक अभ्यासमंडळे उभी राहिली आणि त्यांच्यातून पतसंस्था व सहकारी मासळी कारखाने निघाले. तेथे वाचन आधी आले, पैसा मागून आला.

आपल्याकडे मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ सालीच, म्हणजे कोडींच्या दहा वर्षे आधी, बॅसीन कॅथलिक सहकारी बँकेचा पाया घातला. तिचा अभिमान आपण बाळगतो, बाळगावाच. परंतु बँकेचे पासबुक ज्या समाजाच्या घराघरांत पोहोचले, त्या समाजात शेजाऱ्यांचे वाचनमंडळ गल्लीगल्लीत का पोहोचू नये?

“हे सर्व ठीक, पण साहित्य वाचून पोट भरते काय?” असे विचारणाऱ्यांना मी नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीची आठवण देतो. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमी यांसाठी आरक्षित असलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ पर्यंत ते काम पुरे झाले आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. दोष त्या कुटुंबांचा नव्हे, फसवणाऱ्यांचा आहे. तरीही मला प्रश्न पडतो की आयुष्याची पुंजी ओतण्यापूर्वी हातातला कागद घेऊन जावे, दोन-चार जाणत्यांसमोर मोठ्याने वाचून घ्यावा, ‘आरक्षण म्हणजे काय हो?’ असे न लाजता विचारावे, अशी एखादी जागा या शहरात सामान्य माणसाला ठाऊक आहे काय? ब्राझीलमधील पाऊलो फ्रेरी यांनी १९६३ साली अँजिकोस गावात सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना दीड महिन्यात वाचायला शिकवले, ते त्यांच्याच जगण्यातील शब्दांवर चर्चा घडवून. पुढच्या वर्षी लष्कर सत्तेवर आले आणि त्याने फ्रेरींना तुरुंगात टाकले. प्रश्न विचारणारा वाचक कोणाला नको असतो हे त्या लष्कराला चांगले कळले होते! कथा-कादंबरी वाचताना ‘हा असे का वागला?’ असे विचारण्याची ज्याला सवय जडते, तो करारनाम्यापुढेही सहसा गप्प बसत नाही.

आणखी एक आक्षेप वेळेचा. चर्चगेटला जाऊन-येऊन तीन तास गाडीत उभे राहणाऱ्या माणसाला वाचायला बसवणे क्रूरपणाचे आहे, असे म्हणतात. तो थकतो हे खरे. परंतु हाच माणूस लग्नाच्या हळदीला मध्यरात्रीपर्यंत जागतो आणि सणाच्या मंडपासाठी आठवडाभर राबतो. वेळ त्याच्याजवळ आहे. आपण त्याला मंडप उभारायलाच बोलावतो.

साहित्याशी धर्मगुरूंचा काय संबंध, असे ज्यांना वाटते त्यांनी दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे १७ जुलै २०२४ चे पत्र पाहावे. माणसाच्या जडणघडणीत साहित्याचे स्थान काय, एवढाच त्याचा विषय आहे. तरुणपणी अर्जेंटिनात ते शाळकरी मुलांना साहित्य शिकवीत. आणि त्याही आधी, १६१६ साली रायतूरला छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्याच्या चर्चमधून मोठ्याने वाचले जात असे. ज्याला अक्षर येत नव्हते तोही ऐकून त्याचा वाचक होत असे.

म्हणून पाळकीय मंडळांपुढे माझे मागणे अगदी लहान आहे. यंदाच्या सणाच्या खर्चातून एक कमान, एक रोषणाई कमी करावी. त्या पैशात एकाच पुस्तकाच्या दहा प्रती घ्याव्यात. पंधरा दिवसांतून एक संध्याकाळ, कोणाच्याही ओटीवर, दहा माणसे. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी अडवावे. मंच नको, पाहुणे नकोत, हार तर नकोच. सामवेदी किंवा वाडवळी बोलीत चर्चा झाली तरी कोणी हसू नये. पूर्वेकडील चाळींत कोकणातून, उत्तर प्रदेशातून आलेले शेजारी राहतात; त्यांनाही हाक द्यावी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. प्रारंभी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्यावीत. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने उतारवयात हे पुस्तक लिहिले आणि १९३४ पासून ते भागाभागांनी प्रसिद्ध झाले. त्या प्रॉटेस्टंट होत्या म्हणून एखादे काका कुरकुरतील. त्यांनाच पहिले प्रकरण वाचायला द्यावे.