काही मागत नाही, फार गुणाची!



मुलीच्या वाढदिवसावर संपादकीय? कायदे, मोर्चे, कोर्टकचेऱ्या सोडून हे काय, असे काहीजणींना वाटेल. पण गेले काही महिने गटांच्या बैठकांत हा विषय पुन्हापुन्हा निघतो आहे, आणि तो दिसतो तितका साधा नाही.

पन्नाशीच्या पुढच्या कितीजणींचा वाढदिवस १ जूनला येतो, हे एकदा बैठकीत हात वर करायला सांगून बघा. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची; गुरुजी शाळेच्या हिशोबाने १ जून लिहून मोकळे व्हायचे. मुलग्यांचेही असे झाले. पण मुलाची तारीख हरवली तरी त्याच्या जन्माचे पेढे घराला आठवत असत. मुलीची बर्फी वाटली गेली असेल तर गेली असेल.

ज्यांचा स्वतःचा वाढदिवस कुणी केला नाही, त्या बाया आज मुलींचे वाढदिवस करतात. नवा फ्रॉक, औक्षण, जमला तर केक. केकची चेष्टा करणाऱ्यांत आम्ही नाही. ज्या राज्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४च मुली भरल्या (२००१ साली त्या ९१३ होत्या), तिथे मुलगी जन्मली त्या दिवसाचा आनंद गल्लीला दाखवणे ही लहान गोष्ट नव्हे. सातारा जिल्ह्यातल्या 'नकुशा' आठवा. ऑक्टोबर २०११मध्ये तिथल्या २८०हून अधिक मुलींनी ते नाव टाकून नवे घेतले. तोवर हजेरी घेताना रोज त्यांना 'नको होतीस' असेच ऐकावे लागत होते.

प्रश्न पुढचा आहे. त्या दिवशी आपण मुलीचे कौतुक करतो ते कशाचे?

एका वस्तीतल्या गटात ठरले, की प्रत्येकीने आपल्या मुलीच्या वाढदिवसाला तिच्याबद्दल चार ओळी लिहून आणायच्या आणि वाचायच्या. भांडीधुणी करणाऱ्या एका आईने सातवीतल्या मुलीबद्दल लिहिले होते : पोर फार समंजस आहे. कधी काही मागत नाही. चपलेचा अंगठा तुटला तरी आठवडाभर बोलली नाही, पिन लावून शाळेत गेली. वाचता वाचता बाईंचा गळा दाटून आला. बाकीच्यांनीही डोळे पुसले. मग कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पण बोलली का न्हाई ती? भ्याली का कुनाला?"

बैठक पुढे तासभर या एकाच प्रश्नावर चालली.

मुलीचा समंजसपणा खोटा नव्हता. आईचा पगार किती, बापाचे काय चालते, हे बारा वर्षांच्या पोरीला कळते आणि ती आपली गरज गिळते. यात माया आहे, हे कोण नाकारील? पण त्याच घरातल्या तिच्या भावाने क्रिकेटच्या बॅटसाठी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता, आणि तो 'भारी जिद्दी' ठरला होता. न मागणे हा एकीचा गुण, मागून मिळवणे हा दुसऱ्याचा. पुढे हीच मुलगी चक्कर येते हे सांगत नाही, पाळीत पोट दुखते ते सांगत नाही, पातेल्यात भाजी उरली नाही तर भूक नाही म्हणते. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याची कारणे अनेक आहेत. पण 'कधी काही मागत नाही' ही शाबासकी त्यातून वगळता येईल, असे आम्हाला वाटत नाही.

त्या आईने पुढच्या बैठकीत नव्याने लिहून आणले. वर्ग झाडायला फक्त मुलींनाच सांगतात म्हणून पोरीने बाईंना विचारले होते, पाळ्या का लावत नाही? शेजारच्या घरात मारहाण सुरू झाली, की ती दारात उभी राहून मोठ्याने हाक मारते, "काकू, आई बोलावतेय!" आणि काकूला सुटायला निमित्त मिळते. हे सगळे आईला आधीपासून माहीत होते. फक्त ते कौतुकात मोजायचे असते, असे तिला वाटले नव्हते. उलट यावरून पोरीला बोलणीच बसत.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, हे चांगलं म्हटलं तर ती अजून पुढं जाईल. उद्या तिला कोण सांभाळणार?"

ही भीती खुळी नाही. बोलणाऱ्या मुलीला शाळेतून काढून लवकर उजवून टाकणारी घरे आपण पाहतो. याच सर्वेक्षणानुसार राज्यातल्या २० ते २४ वयाच्या दर पाच बायकांमागे एकीहून अधिकीचे लग्न अठराच्या आत झालेले होते, म्हणजे त्यांचा अठरावा वाढदिवस सासरी गेला. तेव्हा मुलीच्या धिटाईचे कौतुक एकट्या आईवर सोपवून आपण टाळ्या वाजवायच्या, हे बरोबर नाही. तिची मुलगी पुढे गेली तर वस्तीतल्या दहाजणी तिच्यामागे असतील, एवढे आधी गटाने ठरवायला हवे. त्या गटाने ते ठरवले आहे. मारहाण ऐकू आली की आता पोरीबरोबर दोन बाया दारात जातात.

आणि मुलग्यांचे? चौकाचौकांत दादांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यात धडाडी असते, दरारा असतो. 'आजारी आजीची उशी रोज बदलतो' असे आम्ही अजून कुठल्या फ्लेक्सवर वाचलेले नाही. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदावर आईचे नाव बापाच्या नावाआधी येते आहे. चांगले झाले. आता आईचे कुठले गुण मुलाने घेतले, तेही कुणी सांगावे.

पुढच्या अंकासाठी तुमच्या मुलीला किंवा मुलाला वाढदिवसाचे पत्र लिहून पाठवा. एकच अट : 'समंजस', 'सोशिक' आणि 'गुणाची' हे तीन शब्द नकोत. लिहिता येत नसेल तर गटातल्या कुणाकडून लिहून घ्या. नाव छापायचे नसेल तर तसे कळवा. आणि मुलांना छापण्याआधी वाचून दाखवा. त्यांची हरकत असेल तर पत्र छापणार नाही.