‘भिडस्त’ म्हणे! हा शब्द कोणाच्या सोयीचा?



आपल्या माणसाला एक शिवी शाबासकीत गुंडाळून देतात. ती म्हणजे ‘भिडस्त’. पगारातून एक दिवस कापला, माणूस बोलला नाही. भिडस्त आहे बिचारा! बदलीवाला भोंग्याआधी दारात उभा, जाबराने ओळखीचा आत घेतला, हा मुकाट परत फिरला, स्वभावच भिडस्त! आम्ही विचारतो, जाबराला काऊन कोणी भिडस्त म्हणत नाही?

शब्द नीट पाहा. भीड म्हणजे संकोच, आणि भीड म्हणजे वजन, वशिलासुद्धा. वरचा भीड ‘घालतो’, खालच्याला भीड ‘पडते’. त्याने घालायची आणि आपण भिडेखातर अंगठा ठोकायचा! ‘निर्भीड’ शब्दाचंही तेच. वर्तमानपत्रवाले तो मिरवतात. पण खात्यात कोणी निर्भीड बोललं की त्याचं नाव पडतं तोंडाळ, उर्मट.

आमचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण ‘भीड ही भिकेची बहीण’ हे आयाबायांकडून शाळेआधीच ऐकलेलं. म्हाताऱ्या सासऱ्यापुढे आवाज खाली ठेवावा, ती भीड आम्हाला हवी आहे. हजेरीच्या खिडकीपुढे तोंडाला कुलूप लावते ती भीड नव्हे, भीती. तिला भीतीच म्हणा, म्हणजे इलाज करता येतो. एकट्याची भीड चेपत नाही. चाळीस जण खिडकीशी गेले की आपोआप चेपते.

मराठी माणूस जात्याच भिडस्त, असं म्हणतो कोण? त्याला मोर्शी तालुक्यात रिद्धपूरला आणा. सातशे वर्षांपूर्वी इथेच म्हाइंभटांनी लीळाचरित्र मराठी गद्यात लिहिलं. केशोबास मोठे संस्कृत पंडित, पण ते संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. संस्कृत न कळणाऱ्या म्हाताऱ्या बायकांनी काय करावं, ही त्यांची काळजी. पंडिताची भीड धरली नाही! आणि महदंबा, मराठीची आद्य कवयित्री, ती तर चक्रधरस्वामींना प्रश्नांनी भंडावून सोडी. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत विधिमंडळाकडे निघालेल्या कामगारांनी गोळ्या झेलल्या. तेही भिडस्तच काय?

१ मे १९६० ला राज्य झालं. १९६४ चा राजभाषा कायदा झाला. रिद्धपूरच्या मराठी विद्यापीठाचा कायदा २०२३ ला झाला, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली. पेढे वाटले. आणि आमच्या हातात कागद येतो तो इंग्रजी! कारखान्याचे नियम बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेतही दारापाशी लावा, असं १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने सांगितलं होतं. कितीकांनी ते वाचून दाखवा म्हटलं? साहेब घाईत होते, भीड पडली.

पुढच्या वेळी कागद पुढे सरकवला की पाच जणांनी मिळून म्हणा : मराठीत द्या, घरी नेऊन वाचतो, मग सहीचं बघू.