सरदारांचा दुहेरी वारसा

जळगावहून अजिंठ्याकडे निघालेला प्रवासी पहूरचा चौक ओलांडतो आणि काही मैलांवर फर्दापूर गाठतो. वाटेत त्याला कोणी अडवीत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत मात्र या दोन गावांच्या दरम्यान एक सरहद्द होती. पहूर भारताच्या पूर्व खानदेश जिल्ह्यात, तर फर्दापूर आणि अजिंठा निजामाच्या राज्यात. १५ ऑगस्ट १९४७ रोजी अलीकडे तिरंगा डौलाने फडकला. पलीकडे तो फडकवू पाहणाऱ्यांच्या वाट्याला तुरुंग आला. ही सरहद्द सरदार वल्लभभाई पटेलांनी पुसली, हे सर्वांना ठाऊक आहे. तिच्यासोबत त्यांनी काय पुसले, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

जून १९४७ मध्ये निजामाने हैदराबाद स्वतंत्र राहील असे जाहीर केले. हा हक्क कोणाचा? सुमारे ८५ टक्के हिंदू असलेल्या त्या प्रजेला कोणी विचारले नव्हते. 'गस्ती निशान ५३' या फर्मानाने तेथे सभा घेण्यासही पूर्वपरवानगी लागे. स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्येच बंदी आली होती. स्वामी रामानंद तीर्थांना ऑगस्ट १९४७ मध्ये आणि पुन्हा जानेवारी १९४८ मध्ये कारावास घडला. 'इमरोज' पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाचा पुरस्कार केला, म्हणून २२ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांची निर्घृण हत्या झाली. रझाकारांचा क्रोध केवळ हिंदूंवर नव्हता. स्वतंत्र बुद्धीने बोलणाऱ्या प्रत्येकावर होता. तेथील फुटीरता आणि नागरी हक्कांची गळचेपी ही एकाच राजवटीची दोन अंगे होती.

सरदारांनी उतावीळपणा केला नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी 'जैसे थे' करार झाला, वाटाघाटी महिनोन्महिने चालल्या. त्या निष्फळ ठरल्यावरच १३ सप्टेंबर १९४८ रोजी सैन्य निघाले आणि १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली. रझाकारांचा नेता कासिम रझवी यालाही न्यायालयासमोर उभे केले गेले. खटला चालला, शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. सूडापेक्षा कायदा श्रेष्ठ, हे त्यातून सिद्ध झाले.

या विजयाला एक काळी किनारही आहे. कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांच्या हत्या झाल्या. केंद्राने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या नोंदविल्या. सरदारांना तो अहवाल मान्य झाला नाही. मुक्तीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे सत्यही पचविले पाहिजे. ज्या हक्कांसाठी लढा झाला, ते त्या निरपराधांचेही होते.

फुटीरतेशी लढणारे हेच सरदार घटना समितीच्या मूलभूत हक्कविषयक सल्लागार समितीचे अध्यक्ष होते. एप्रिल १९४७ मध्ये त्यांनीच मूलभूत हक्कांचा अंतरिम अहवाल सभागृहापुढे ठेवला. पुढे फेब्रुवारी १९५० मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेचे विधेयकही त्यांनीच आणले, पण ते एका वर्षाच्या मुदतीचे. सरदार डिसेंबर १९५० मध्ये गेले. कायदा मात्र मुदतवाढी घेत १९६९ अखेरपर्यंत जगला. नंतर १९७१ मध्ये 'मिसा' आला आणि आणीबाणीत त्याने सहस्रावधी निरपराधांना गजाआड केले. येरवडा आणि नाशिकरोडच्या कारागृहांत विनाचौकशी दिवस काढलेली कुटुंबे याच वाचकवर्गात आहेत. फेब्रुवारी १९४८ मधील संघबंदी सरदारांच्याच गृहखात्याने घातली आणि जुलै १९४९ मध्ये उठविली, हेही त्यांच्या स्मरणात आहे. म्हणून राज्यसत्तेच्या हाती अमर्याद अधिकार देणे म्हणजे काय, हे या परिवाराला कोणी शिकवावे लागत नाही.

राष्ट्र तोडू पाहणाऱ्यापुढे शासनाने कठोर असावे, पण त्या कठोरतेला मुदत असावी, न्यायालयाची देखरेख असावी. सरदारांच्या वारशाचे पहिले अर्धे उचलून दुसरे विसरणारा त्यांचा खरा अनुयायी नव्हे. पहूरच्या पुढची सरहद्द पुसली गेली, तेव्हा भूमी तर एक झालीच. पण १९५२ मध्ये पलीकडच्या माणसाने आपल्या मताने सरकार निवडले. राष्ट्रीय एकात्मतेचे सार्थक त्या मतपेटीत आहे.