वाढे कोणाचे आणि उन्हाळा कोणाचा?

सभासद बंधु-भगिनींनो,

गेल्या हंगामात तोडणी चालू असताना एका सभासदाच्या वावरात जाण्याचा प्रसंग आला. ऊस अर्धा आडवा झालेला, टोळी धुऱ्यावर बसलेली आणि शेतमालक तावातावाने बोलत उभे. भांडण दरावरून नव्हते, काट्यावरूनही नव्हते. ते होते वाढ्यावरून. मला पाहून ते म्हणाले, "साहेब, ऊस कारखान्याचा, वाढं टोळीचं, मंग आमच्या ढोरायले काय उरलं जी?" मुकादमही काही चुकीचे बोलत नव्हता. तो म्हणाला, "आमची बैलं याच्यावरच जगत्यात. उरलेल्या मोळ्या विकून आमचा मिठा-मिरचीचा खर्च निघतो." समजूत पटेपर्यंत दोन दिवस गेले. तोडून पडलेला ऊस तेवढे दिवस वाळत राहिला. वजन गेले आणि साखरही गेली. नुकसान तिघांचेही झाले.

त्या दिवसापासून तो प्रश्न मनातून जात नाही. आम्ही ऊस विकास खात्याची माणसे बेणे, लागण, खत, पाणी आणि टनेज एवढेच विचारत आलो. सभासदाच्या कोठ्यात काय बांधलेले आहे आणि ते उन्हाळ्यात काय खाणार, हे आम्ही कधी विचारले नाही. ही चूक आमची आहे, हे आधी कबूल करतो.

वऱ्हाडात चाऱ्याची चणचण का आली, हे आपण सगळे जाणतो. आपल्या आज्याच्या वेळी ज्वारी हेच घरचे पीक होते. कणीस माणसाला आणि कडबा जनावराला, असा सरळ हिशेब. 1964 साली सी.एस.एच.-1 हे पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. दाणा वाढला, पण ताट बुटके झाले व कडबा कमी झाला. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन पसरले आणि ज्वारी वावरातून जवळजवळ उठलीच. त्यात रानडुकरांचा व पाखरांचा त्रास, कापणीला मजूर नाही. कोणाला दोष देणार? सोयाबीनचे कुटार होते, पण त्यातला पाला आणि शेंगांची टरफले तेवढी जनावर खाते. जाड काड्या गव्हाणीत तशाच राहतात. पऱ्हाटी तर चुलीच्याच कामाची. सरकी ढेपीचा भाव ऐकला की दुधाचा हिशेब तिथेच बुडतो. मग मार्च-एप्रिलमध्ये माणूस बैलजोडी बाजारात नेतो आणि जून लागला की वखराला भाड्याचा ट्रॅक्टर शोधतो. कोठा रिकामा झाला की शेणखतही संपले. शेणखत नसलेल्या जमिनीत उसाचे खोडवे किती वर्षे तग धरील, हे मी आपणास सांगायला नको.

आता आपल्याच वावरातला हिशेब पाहू. शंभर टन उसामागे साधारण दहा ते पंधरा टन हिरवे वाढे निघते. एकरी 40 टन ऊस धरला तर कमीत कमी 4 टन वाढे. तीन एकरवाल्या सभासदाच्या शेतात 12 टन. यातला तिसरा हिस्सा जरी मालकाने ठेवला तरी 4 टन होतात. एक बैलजोडी आणि एक म्हैस, तिघांना रोज 15 किलोप्रमाणे 45 किलो लागले, तर तेवढ्यावर जवळजवळ तीन महिने निघतात. सोबत कुटार किंवा कडबा लागेलच, पण ढेपीवरचा आणि बाजारावरचा भार किती हलका होईल पाहा.

अडचण एवढीच की हे वाढे दोन-चार दिवसांत एकदम हाती येते आणि लगेच सुकते. म्हणून ते टिकवले पाहिजे. कडबा कुट्टी यंत्रावर बारीक तुकडे करून खड्ड्यात दाबून भरले की मुरघास होतो. 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 5 फूट खोल खड्ड्यात सुमारे 4 टन माल बसतो. आपली जमीन काळी, भेगाळणारी. म्हणून खड्डा उंचवट्यावर घ्यावा आणि आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, नाहीतर पाणी व हवा शिरून सगळे सडेल. थर देत तुडवून तुडवून भरावे, वरून कागद घालून मातीने बंद करावे आणि दीड महिना हात लावू नये. वाढ्यात मुळात साखर असतेच, त्यामुळे गूळ घालण्याची फारशी गरज पडत नाही. जानेवारीत भरलेला खड्डा एप्रिलमध्ये उघडा. वास आंबूस-गोड आला पाहिजे. बुरशी आलेला भाग मात्र जनावरापुढे टाकू नका.

एक इशारा आवर्जून देतो. वाढ्यात ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते. ते अंगातला चुना बांधून टाकते. हंगामभर नुसते वाढे खाल्लेली म्हैस व्याल्यावर उठेना, अशी तक्रार दर वर्षी कोठून तरी येतेच. माणसे म्हणतात दृष्ट लागली. दृष्ट कसली, कॅल्शियम कमी पडले! अशा वेळी पशुवैद्यकाला तात्काळ बोलवावे. पण ती वेळ येऊच नये म्हणून मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम क्षारमिश्रण द्यावे, निदान पाण्यात चुन्याची निवळी द्यावी. नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नये. वाढ्यात प्रथिने कमी असतात. ती उणीव भरण्यासाठी बरसीम, लसूणघास किंवा धुऱ्यावरची शेवरी थोडी तरी हवी.

घरी गव्हांडा पडून असेल तर 100 किलोला 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा, दाबून झाकावे आणि तीन आठवड्यांनी उघडून वारा लागल्यावर द्यावा. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागता कामा नये, ते विष आहे. सहा महिन्यांच्या आतील वासरांना हा चारा देऊ नये.

आता थोडे दूरचे बोलतो. आपण ज्याला नेपियर म्हणतो ते गवत मूळचे उष्ण आफ्रिकेतले, तिकडचे हत्ती गवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतील, कर्नल नेपियर यांनी त्याकडे कृषी खात्याचे लक्ष वेधले, म्हणून ते नाव. आपल्याकडे बाजरीशी संकर करून त्याची जास्त पाल्याची वाणे झाली. केनियाच्या डोंगराळ भागात एक-दोन एकरवाला शेतकरी एखाद-दुसरी गाय कोठ्यातच बांधून ठेवतो आणि नेपियर कापून घालतो. चरायला रान नाही म्हणून तो रडत बसला नाही. त्याच देशात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी ओमेना नावाची बोटाएवढी मासळी मिळते. गरिबाच्या ताटातले ते स्वस्त अन्न. पण त्यातला मोठा वाटा वाळवून कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात जातो आणि गरिबाला ती महाग पडते. माणसाच्या आणि जनावराच्या तोंडची ओढाताण तिथेही चुकलेली नाही.

आपल्याकडेही 2012-13 च्या दुष्काळात राज्यातल्या चारा छावण्यांत उभा ऊस कापून गेला. संकटात ते करावेच लागते, त्याबद्दल कोणी बोट दाखवू नये. पण वाढे वाया घालवायचे आणि मे महिन्यात ऊस कापून जनावराला घालायचा, हा उलटा व्यवहार झाला. यात माझ्या खात्याचा स्वार्थ आहे, तो मी लपवीत नाही. पण सभासदाचाही तोटाच आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट मांडतो. पटले नाही तर पुढच्या अंकात जरूर लिहा.

पहिले, वाढ्यावर टोळीचा हक्क आहे, तो मान्य करावा. मुलाबाळांसह घर सोडून आलेल्या माणसाच्या बैलाच्या तोंडचा घास काढून आपला कोठा भरणार नाही. पण तोडणीला हात लावण्यापूर्वीच मुकादमासमक्ष तिसरा हिस्सा मालकाचा असे ठरवून घ्यावे, म्हणजे कोयता अडणार नाही. आणि जास्त वाढे मिळावे म्हणून कोणी शेंडा खाली तोडावयास सांगू नये, त्यात टनेज जाते. कोवळी कांडी उसासोबत ठेवूही नये, त्यात साखर उतारा घसरतो.

दुसरे, तोडणी यंत्र आले की वाढ्याचे तुकडे होऊन वावरातच पडतात, गोळा होत नाहीत. पुढे यंत्रे वाढणार. म्हणून वाढ्यावरच सगळी मदार न ठेवता प्रत्येक सभासदाने विहिरीजवळ दोन-तीन गुंठे संकरित नेपियर लावावे. उसासारखीच दोन डोळ्यांची कांडी, तीन फूट बाय दोन फुटांवर. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढे दर दीड महिन्याला. त्यातही ऑक्झलेट असते, तेव्हा क्षारमिश्रणाचा नियम तोच.

तिसरे, पाचट जाळू नये. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट म्हणजे घरचे खत. काडी लावली की ते तासाभरात राख होते, शिवाय शेजाऱ्याचे कुटारही कधीकधी सोबत जाते.

चौथे, हे सगळे सभासदावर ढकलून चालणार नाही. कारखान्याने गटवार कुट्टी यंत्रे माफक भाड्याने द्यावीत, नेपियरची कांडी रोपवाटिकेतून पुरवावी आणि तोडणीची तारीख निदान पंधरा दिवस आधी कळवावी, म्हणजे खड्डा तयार ठेवता येईल. हे मी व्यवस्थापनापुढे मांडत आहे. सभासदांनी वार्षिक सभेत त्याला जोर द्यावा. नुसते टनेज विचारणारा कारखाना सभासदाचा म्हणवू नये.

पोळ्याच्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावतो, पुरणपोळी चारतो. ते एका दिवसाचे झाले. एप्रिल-मेच्या उन्हात त्याच्या गव्हाणीत काय पडते, त्यावर आपली शेतकी जोखली जाईल. आपल्या कोठ्यात आज किती जनावरे आहेत आणि मेअखेर किती राहतील, एवढा आकडा या हंगामाआधी घरी बसून मांडून पाहावा, ही नम्र विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी